क्लिक केलं… पुढे काय?

विठ्ठलवाडीहून लोकल पकडून कॉलेज गाठायचं, रात्री जागून पोर्टफोलिओ बनवायचा, फोटोला शॉर्टफिल्मची लिंक लावायची. आणि पीडीएफ केली की लिंक गायब! कारण साधं आहे. वर्डमध्ये ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं की छापायचं पान तयार होतं, आणि कागदाला क्लिक कळत नाही. त्याऐवजी ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडा. कॅन्व्हातही पीडीएफच घ्या. जेपीजीत लिंक राहत नाही. फोटोखाली पूर्ण पत्ताही टाइप करा, प्रिंट काढली तरी उपयोगी पडेल. शिवाय फाइल मित्राच्या मोबाइलवर उघडून बघा. तुमची ड्राइव्हची लिंक तुमच्या मोबाइलवर उघडणारच! इंटर्नशिप देणारे ‘लिंक चालत नाही’ म्हणून फोन करत बसत नाहीत, पुढचा अर्ज उघडतात. काम भारी असेलही, पण ते समोरच्याला दिसायला तर हवं!