प्रमाणपत्र मिळाले, बिलाचे काय?

आज २७ जून. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१७ पासून हा दिवस सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी पाळला जातो. त्यानिमित्त ठिकठिकाणी उद्यम नोंदणीची शिबिरे भरतील, प्रमाणपत्रे वाटली जातील. ती वाटलीच पाहिजेत. भोसरी, सातपूर किंवा शिरोलीत दोन लेथवर वर्कशॉप चालवणाऱ्याला सरकारी खरेदीत शिरायचे तर या कागदाइतका भक्कम आधार दुसरा नाही.

केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने ही वाट करून दिली. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीचा २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या, ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ३५८ वस्तू तर याच उद्योगांसाठी राखीव आहेत. टेंडरचा फॉर्म फुकट मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. ज्याचे सगळे भांडवल कच्च्या मालात आणि पगारात फिरते, त्याला या माफीचे मोल विचारावे.

सर्वांत मोलाचे कलम दराचे. समजा, मोठ्या कंपनीने नगाला १०० रुपये हा सर्वांत कमी दर भरला आणि लहान कारखानदाराने ११२. एरवी त्याचा विषय तिथेच संपला असता. पण सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांपर्यंत वर असलेल्या लहान उद्योगाला १०० रुपयांवर उतरण्याची संधी मिळते, आणि तो उतरला तर किमान २५ टक्के माल त्याच्याकडून घेता येतो. ही मेहरबानी नाही. मोठ्याला पोलाद घाऊक भावात मिळते, लहानाला मिळत नाही. ती तफावत सरकारने मान्य केली, इतकेच.

१ एप्रिल २०२५ पासून मात्र १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही ‘लघु’ ठरतो. दोन लेथवाला आणि तो, दोघेही एकाच २५ टक्क्यांत. सूक्ष्म उद्योगांसाठी वेगळा वाटा ठेवल्याशिवाय हे आरक्षण तळापर्यंत पोहोचणार नाही.

याहून मोठे दुखणे पैशांचे आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकासाचा २००६ चा कायदा स्पष्ट आहे: करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे चुकते झाले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात. इतके असूनही बिले टेबलावर पडून राहतात. कधी तपासणी अधिकारी रजेवर, कधी निधी आला नाही. कारखानदाराच्या कॅश क्रेडिटचे व्याज मात्र रोज चढते. थकलेल्या पैशांसाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, पण पुढची ऑर्डर त्याच साहेबाच्या हातात असताना तक्रार कोण करणार? मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, अशी तरतूद केंद्राने अलीकडे केली. सरकारी खात्याला प्राप्तिकरच नाही. तिथे हा चाप बसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की नोंदणीचे आकडे मिरवणे पुरे झाले. कोणत्या खात्याने, कोणत्या उपक्रमाने लहान उद्योगांकडून किती खरेदी केली, हे ‘संबंध’ पोर्टलवर दिसते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा: त्यातले किती पैसे ४५ दिवसांत दिले? त्यासाठी नवा कायदा लागत नाही. केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने तो रकाना याच आर्थिक वर्षात सुरू करावा, आणि ज्या खात्याची थकबाकी मोठी असेल त्याच्या सचिवाला जाब विचारावा.