ब्रेक दाबताच थरथरणारे स्टिअरिंग

छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याकडे निघालेली गाडी कन्नड ओलांडते आणि थोड्याच वेळात औट्रम घाट सुरू होतो. मराठवाड्याच्या पठारावरून रस्ता वळणावळणाने खानदेशच्या सपाटीवर उतरतो. वाहनाच्या ब्रेकची खरी परीक्षा अशा उतारावरच होते.

समजा, जाधववाडीच्या बाजार समितीत गाळा असलेले एक व्यापारी कुटुंब चाळीसगावला लग्नासाठी निघाले आहे. शेठजी पुढच्या आसनावर, वृद्ध मातोश्री व सूनबाई मागे, गाडी चालकाच्या हाती. घाटातील पहिल्या मोठ्या वळणावर ब्रेक दाबताच स्टिअरिंग चालकाच्या हातात डावी-उजवीकडे थरथरू लागते. पाय उचलताच थरथर थांबते. मागे बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. चालकाने मात्र ही गोष्ट महिन्याभरापूर्वीच सांगितली होती, ‘‘शेठ, ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतंय.’’ शेठजींनी तेव्हा व्हील बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घेतले. थरथर राहिली. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून पुढचे दोन्ही टायर बदलले. थरथर तरीही राहिली. आता घाटात ती वाढली आहे.

या सर्व खर्चात एक प्रश्न विचारायचा राहून गेला: थरथर नेमकी केव्हा होते? निदानाची सुरुवात या प्रश्नापासून होते आणि त्याचे उत्तर मिळवण्यास एक पैसाही लागत नाही.

ब्रेक न दाबता, सपाट रस्त्यावर ८० ते ११० किलोमीटरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या समतोलात, टायरमध्ये किंवा रिममध्ये असतो. तेथे बॅलन्सिंग हा योग्य उपाय होय. केवळ ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, तर प्रथम पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क तपासाव्यात. स्टिअरिंग स्थिर राहून आसन, गाडीचा तळ व ब्रेकचे पेडल थरथरत असेल, तर मागच्या ब्रेककडे पाहावे. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यावर पेडलमध्ये भरभर ठोके जाणवले, तर तो दोष नव्हे; चाक घसरू नये म्हणून एबीएस आपले काम करीत असते.

शेठजींच्या गाडीची थरथर दुसऱ्या प्रकारची आहे. तिचे कारण समजून घेणे अवघड नाही. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅडमध्ये पकडली गेली की गाडीचा वेग कमी होतो. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी असेल, तर ही पकडही एकसारखी राहते. जाडीत ०.०२ मिलिमीटर एवढा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी फरक पडला, तरी प्रत्येक फेऱ्यात पकड क्षणभर घट्ट व क्षणभर सैल होते. ८० किलोमीटरच्या वेगाला साधारण मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे ११ ते १२ फेरे घेते. तेवढेच झटके स्टिअरिंगपर्यंत पोहोचतात. वेग उतरत जातो तशी थरथरही संथ होते, ती यामुळेच.

गॅरेजमध्ये यालाच ‘डिस्क वाकली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात ती वाकलेली असतेच असे नाही. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो, किंवा हबवर बसलेल्या गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसते. चाकाचे नट कमीअधिक आवळले गेले तरीही हाच परिणाम होतो. तिरकी बसलेली डिस्क दर फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिच्या जाडीत फरक पडतो. म्हणूनच टायर बदलल्यानंतर काही महिन्यांनी थरथर सुरू झाली, तर नट कसे आवळले गेले होते, हे आठवून पाहावे. ते समोरासमोरच्या क्रमाने व टॉर्क पान्याने, कंपनीने ठरवून दिलेल्या जोरानेच आवळावेत. कॅलिपरची सरकती पिन अडकली असेल, तर पॅड डिस्कला सतत घासत राहतो. अशा वेळी एकच चाक अधिक तापते, जळका वास येतो किंवा गाडी एका बाजूला ओढली जाते. टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट अथवा कंट्रोल आर्मचे बुश झिजलेले असतील, तर लहानसा झटकाही स्टिअरिंगवर मोठा होऊन जाणवतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘डिस्क बदलून टाका’ असे एकदम सांगू नये. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजावी, तिचा तिरकेपणा डायल गेजने पाहावा आणि आलेले आकडे कागदावर लिहून द्यावेत, अशी विनंती करावी. हिशेबाच्या वहीत अंदाजाला स्थान नसते, येथेही नसावे. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. पुरेशी जाडी शिल्लक असल्यास लेथवर पृष्ठभाग सारखा करून घेता येतो. ती नसल्यास दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीने बदलाव्यात, पॅडही नवे घालावेत आणि नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबवरचा गंज साफ करून घ्यावा. हा गंज तसाच राहिला, तर नव्या डिस्कचीही तीच गत होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून तेही सामान्यतः दर दोन वर्षांनी बदलावे.

घाट उतरताना काही पथ्ये पाळली, तर हा दोष बराच टळतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि इंजिनाचा रोध वापरावा. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. थोडा वेळ ठाम दाबून सोडून द्यावा. उताराच्या शेवटी तापलेल्या ब्रेकनिशी थांबावे लागले, तर सपाट जागी पेडल दाबून धरू नये, कारण तेथेच पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. घाट संपताच चाकांवर थंड पाणी मारू नये. चातुर्मासात गाडी दीर्घकाळ एका जागी उभी राहणार असेल, तर ती अधूनमधून थोडी फिरवून आणावी. डिस्कवर चढलेला पातळ गंज चार-सहा वेळा ब्रेक लावताच निघून जातो.

नुसती थरथर म्हणजे ब्रेक निकामी झाले, असे नव्हे. परंतु तिच्या जोडीला पेडल खोल जात असेल, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर घाटाचा प्रवास त्या दिवशी रद्द करावा. लग्नाचा मुहूर्त दुसऱ्या गाडीनेही गाठता येतो.

शेठजींच्या उदाहरणात सर्वांत आधी निदान केले ते चालकाने. ‘ब्रेक मारला की’ या तीन शब्दांतच बॅलन्सिंग व टायर यांचा खर्च वाचवणारे उत्तर होते. व्यापारी घरांत गाडीचा खर्च ठरवणारा एक असतो आणि स्टिअरिंग हाती असलेला दुसरा. दोष ज्याच्या हाताला जाणवतो, त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले पाहिजे. गाडी गॅरेजमध्ये पाठवताना चालकालाही सोबत पाठवावे आणि मिस्त्रीशी त्यालाच बोलू द्यावे. मागच्या आसनावर निश्चिंत बसलेल्या मातोश्रींची सुरक्षितता त्याच्याच हाती असते.