विश्लेषण : फोलिक ॲसिडची गोळी पोहोचते, पण उशिरा

नवी दिल्ली : गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. त्या वेळी अनेक स्त्रियांना पाळी चुकल्याचे नुकतेच कुठे लक्षात आलेले असते. नलिका नीट मिटली नाही, तर बाळाच्या कण्यात किंवा मेंदूत गंभीर जन्मजात दोष राहतो. पूर्वी असे मूल झालेल्या मातांमध्ये फोलिक ॲसिडमुळे हा धोका 72 टक्क्यांनी घटल्याचे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत 1991 मध्येच दिसून आले. अपत्यासाठी प्रयत्न सुरू केल्यापासून 12 व्या आठवड्यापर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस.

भारताच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातही हीच मात्रा नमूद आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. सरकारी यंत्रणेची स्त्रीशी खरी गाठ पडते ती गर्भवती म्हणून नोंदणी झाल्यावर, म्हणजे नलिका मिटून गेल्यावर. प्रजननक्षम वयातील महिलांसाठीची साप्ताहिक लाल गोळी (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड) रक्तक्षयासाठी आहे. ती रोजच्या मात्रेची जागा घेऊ शकत नाही.

ही उणीव औषध दुकाने भरून काढतात, तीही बहुधा 5 मिलिग्रॅमच्या गोळीने. ही मात्रा शिफारशीच्या साडेबारा पट आहे. ती पूर्वी दोष असलेले मूल झालेल्या किंवा अपस्माराची काही औषधे घेणाऱ्या स्त्रियांसाठी, वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असते. शाकाहारी कुटुंबांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. अशा वेळी अतिरिक्त फोलिक ॲसिडमुळे रक्तक्षयाची लक्षणे झाकली जातात, मज्जातंतूंची हानी मात्र सुरूच राहते.

‘अ’ जीवनसत्त्वाबाबतची बेफिकिरी अधिक घातक. रेटिनॉल रूपातील हे जीवनसत्त्व रोज 10 हजार एककांहून अधिक गेल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याची भीती असते. मल्टिव्हिटॅमिनच्या जोडीला माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी दोन्ही वेष्टनांवरील आकड्यांची बेरीज करणे आवश्यक आहे. गाजर किंवा शेवग्याच्या पाल्यातील कॅरोटीनला ही मर्यादा लागू नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची 60 हजार एककांची पुडी आठवड्याची असते, रोजची नव्हे.

‘मिशन परिवार विकास’अंतर्गत आशा कार्यकर्त्या नवविवाहितांच्या घरी कुटुंबनियोजनाची साधने घेऊन जातातच. अपत्य हवे असलेल्या जोडप्यांना 400 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या वेळेत देण्यासाठी याहून सोयीची भेट दुसरी नाही.