आधी लिंबोणी लावा

आमच्या टाकव्यात नवं फार्महाऊस झालं की कुंपणाला परदेशी फुलझाडं लागतात. मग मालक विचारतात, "फुलपाखरं येतात, पण टिकत का नाहीत?" अहो, फुलांत नुसता मध, अंडी घालायची कुठं? २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळीला लिंबूवर्गीय झाडांचाच पाला लागतो. माझ्या परसातल्या लिंबोणीची पानं श्रावणात कुरतडलेली असतात. शेजारच्या वहिनी फवारणीचा पंप देऊ करतात, मी नको म्हणतो. रुई, कढीपत्ता, पानफुटी यांवरही अळ्या वाढतात. भुतकेशी तर सह्याद्रीचीच. तिची फुलं पावसाळ्यात, आणि पानं 'कमांडर' फुलपाखराच्या अळीला. घाणेरीवर फुलपाखरं बसतात, कबूल. तरी ती उपटाच, डोंगरच्या डोंगर गिळते ती.