साडेआठनंतरचे काय?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून स्वतःला एक नियम घालून घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद व्हायचे, ते साडेआठचा भोंगा होईपर्यंत. कोरोनाकाळात अभ्यासाच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून महिलांच्या ग्रामसभेत हा विषय निघाला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. वृत्तपत्रांनी या उपक्रमाचे कौतुक केले ते मुलांच्या अभ्यासाच्या अंगाने. आम्हाला त्यातील दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हा नियम मोठ्यांनाही लागू होता. मालिकांच्या ऐन वेळेवर घरातील आजी-आईने पाणी सोडले, हा त्याग लहान नव्हे.

याच जिल्ह्याचे नाव पुढे वेगळ्याच कारणाने गाजू लागले. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडी अर्थात मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. महिनाभरातच मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे त्याचा कारखानाच उघडकीस आणला. जानेवारी २०२५मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत तोच प्रकार सापडला. द्राक्षे, हळद आणि नाट्यपरंपरा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भूमीवर ही पाळी यावी, याचा संताप येणे स्वाभाविक आहे. पोलिसांनी आपले काम कठोरपणे केलेच पाहिजे. परंतु धाड पुरवठ्यावर पडते. मागणी तयार होते ती घराघरांत, आणि तिथे पोलीस पोहोचत नाहीत.

मोबाईल पाहिला म्हणून मुलगा व्यसनी होतो, असा भाबडा दावा कोणी करू नये. पडदा करतो ते काम अधिक सूक्ष्म आहे. तो आधी लाज काढून घेतो आणि मग भीती. नायक सिगारेट शिलगावतो तेव्हा त्याचा रुबाब वाढतो. त्याची खोकल्याने जागवलेली रात्र कोणी चित्रित करत नाही. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतील दहा ते चौदा वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. चित्रपटांतील धूम्रपानाची दृश्ये सर्वाधिक पाहणारी मुले धूम्रपानाकडे वळण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत अडीचपटीहून अधिक होते. आमच्या वाचकांनी थांबून विचार करावा असा भाग पुढेच आहे : ज्यांचे आईवडील धूम्रपान करत नाहीत, त्या मुलांवर हा परिणाम अधिक तीव्र दिसला. ‘आमच्या घरात सुपारीचे खांडही नाही’ ही समजूत, म्हणजे, संरक्षण नव्हे. दिल्लीच्या बारा शाळांतील सुमारे चार हजार मुलांच्या पाहणीतही हिंदी चित्रपटांबाबत असाच निष्कर्ष २०१२मध्ये पुढे आला.

कायदे नाहीत असे नाही. दूरचित्रवाणीवरील मद्य व तंबाखूच्या जाहिरातींना २०००पासून बंदी आहे, महाराष्ट्रात गुटखा २०१२पासून बंद आहे, आणि २०२३मध्ये तंबाखूविषयीच्या इशाऱ्याचा नियम ओटीटीलाही लागू झाला. पण मद्याची कंपनी सोड्याच्या नावाने येते, गुटख्याची कंपनी वेलदोड्याच्या नावाने, आणि क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये आपले लाडके अभिनेते ती वेलची दाण्यादाण्याने विकतात. २०२२मध्ये टीका झाल्यावर त्यांतील एका बड्या अभिनेत्याने माफी मागून अंग काढून घेतले. बाकीचे?

मुलांच्या व्यसनाचे रूपही पालकांच्या कल्पनेतील नसते. केंद्र शासनासाठी ‘एम्स’ने केलेल्या व २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात हुंगण्याची द्रव्ये हा एकच प्रकार असा आढळला, ज्यात मुलांचे प्रमाण (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन : दप्तरात सापडले तरी आईला संशय येऊ नये अशा या वस्तू. त्यांचा ‘उपयोग’ सांगायला पूर्वी वाईट संगत लागे. आज ती संगत खिशात असते.

मग करायचे काय? मोबाईल हिसकावून घेणे हा उपाय नाही. तो शेजारच्या मित्राकडे मिळतो. आठवी-नववीच्या मुलाशेजारी बसून तो पाहतो ते पाहावे, आणि त्याला साधा प्रश्न विचारावा, हे दृश्य दाखवायला पैसे कोणी दिले असतील? ही युक्ती मुलांना भाषणापेक्षा लवकर कळते, कारण फसवले जाणे कोणत्याही वयात आवडत नाही. रात्री सगळ्यांचे मोबाईल, वडिलांचाही, बैठकीच्या खोलीत एका जागी ठेवावेत. आणि वडील तळहातावर तंबाखू मळत मुलाला उपदेश करणार असतील, तर त्यांनी उपदेश न केलेलाच बरा.

नुसते बंद करून मात्र भागत नाही. रिकामी झालेली वेळ भरावी लागते. आइसलँडने हे ओळखले. तेथे १९९८मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागील महिन्यात नशा येईपर्यंत मद्य घेतल्याचे सांगितले होते. २०१६मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मुलांना खेळ आणि संगीत उपलब्ध करून देणे, पालकांनी त्यांच्यासोबत अधिक वेळ घालवणे आणि रात्री घराबाहेर राहण्यावर मर्यादा, असा तो मार्ग होता. आपल्याकडे यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलावण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या तालमी आहेत, कबड्डीची मैदाने आहेत, सायंशाखा आहेत. साताऱ्यात २०१७पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे भिलार आहे. बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ वारकरी परंपरेतून तरुणांपर्यंत पोहोचला आहे. ही स्थाने ओस पडली आहेत का, आणि पडली असतील तर कोणामुळे, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात पाहावे.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. गटार आणि दिवाबत्तीच्या ठरावांसोबत मोहित्यांच्या वडगावचा ठराव मांडायला खर्च येत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे २००३च्या कायद्याने गुन्हा आहे, त्याचीही मोजणी त्याच सभेत व्हावी.

ज्या घरात उशीर झाला आहे, त्यांनी लोकलाजेस्तव मुलाला दडवू नये. साताऱ्यात ‘परिवर्तन’ आणि पुण्यात १९८६पासून ‘मुक्तांगण’ हे काम करीत आहेत. शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे.