धूर, दारू आणि शिसं

नाव वाचून घाबरू नका, ही दारू बंदुकीची आहे. :)

इथे अमेरिकेत आमच्या टीममध्ये एक सिनियर आहे. आठवडाभर डेटाबेस सांभाळतो आणि शनिवार-रविवार पिस्तुलाच्या स्पर्धा खेळतो. आपल्या डोळ्यासमोर नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत येते, २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेणारी. एका जागी उभं राहून, श्वास रोखून. हा प्रकार वेगळा. इथे लोक घड्याळाच्या विरुद्ध पळत पळत गोळ्या झाडतात, एका स्टेजमध्ये जास्तीत जास्त ३२. काडतुसांचा खर्च एवढा की बरेच जण ती घरीच भरतात. झाडलेली पितळी पुंगळी उचलून आणायची, स्वच्छ करायची, नवा प्रायमर, मोजून दारू, वर नवी गोळी.

मी स्वतः यातलं काही करत नाही. एच-वन-बीवर असलेल्या माणसाने शिकारीच्या लायसन्ससारखा अपवाद नसताना बंदूक किंवा काडतूस बाळगणं इथल्या संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मी त्याच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून कॉफी पितो आणि मतं देतो. (मतांना व्हिसा लागत नाही.)

तर मुद्दा धुराचा. इनडोअर रेंजवर किंवा वारा पडलेल्या दमट सकाळी पाच-सहा गोळ्यांनंतर समोर असा ढग तयार होतो की पुढचं लक्ष्य अंधुक दिसतं. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, तिथे हे महागात पडतं. आणि यावर नव्वद टक्के लोकांचा (हा माझा अंदाज, सर्व्हे नाही) पहिला उपाय काय? दारू बदला!

माझ्या मते संशयित चुकलाय. दारूचा धुराचा प्रश्न मुळात १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने सोडवला. त्याआधीची काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूप क्षार म्हणून उरायचा, तोच तो पांढरा ढग. व्हिएयने नायट्रोसेल्युलोज वापरलं, ते जवळजवळ सगळं वायूत जातं. मग आजच्या पिस्तुलातून धूर येतो कुठून?

बऱ्याचदा गोळीतून. स्वस्त गोळी म्हणजे ओतीव शिसं, आणि तिच्या खाचेत मेणासारखं वंगण. मागून हजारो अंशांचा वायू येतो तेव्हा ते मेण जळतं, आणि विझवलेल्या मेणबत्तीतून येतो तसाच धूर निघतो. तांब्याचं आवरण असलेल्या साध्या गोळीतही मेख आहे: पुष्कळदा आवरण पुढून चढवलेलं असतं आणि बूड उघडं राहतं. पोकळ टोकाच्या गोळीत उलटं, तिचं बूड बंद असतं. हल्ली शिशावर पॉलिमरचा रंगीत थर भाजून चढवलेल्या गोळ्या मिळतात. बूडही झाकलेलं, मेण अजिबात नाही, किंमत आवरणवाल्या गोळीपेक्षा कमी. नुसत्या या एका बदलाने धूर डोळ्यांना जाणवेल इतका उतरतो.

दारूचा वाटा अगदीच शून्य नाही. जिच्यात नायट्रोग्लिसरीनही असतं ती दारू जास्त गरम जळते, त्यामुळे मेणाच्या गोळीबरोबर ती जास्त धुरकट वाटते. फिनलंडच्या व्हिटावुओरीची एन-३२० नायट्रोसेल्युलोजचीच, आणि स्वच्छ म्हणून तिचं नाव आहे. पण आधी गोळी बदला, मग दारू. दोन्ही एकदम बदलून "वा, धूर गेला" म्हणणारा माणूस प्रॉडक्शनवर एकाच वेळी सात फिक्स ढकलणाऱ्यांच्या जातीचा.

जड गोळीचीही एक युक्ती आहे. नियम असा, की ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग भागिले हजार, हे उत्तर 'मायनर' गटात किमान १२५ हवं. ११५ ग्रेनची गोळी ११५० वेगाने गेली तर १३२ येतात, आणि १४७ची नुसत्या ९००ने गेली तरी १३२च! जड गोळीला साधारणपणे दारू कमी लागते, झटकाही मऊ बसतो.

मात्र धूर कमी व्हावा म्हणून दारू पुस्तकातल्या किमान मापाच्या खाली नेणारे महाभाग असतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे की असं करू नका. दाब कमी पडला की दारू अर्धवट जळते आणि काजळी उलट वाढते. त्याहून वाईट म्हणजे गोळी नळीत अडकते, आणि तिच्यामागून पुढची झाडली तर पिस्तूल हातात फुटू शकतं. गोळी बदलली की मापही त्या गोळीचं, छापील पुस्तकातलं, नव्याने बघायचं.

आता माझी खरी तक्रार. धूर दिसतो म्हणून लोक त्याच्यावर पैसे खर्च करतात. शिसं दिसत नाही. प्रायमरमध्ये बहुधा लेड स्टिफ्नेट असतं, म्हणजे गोळी कितीही झाकलेली असो, पुंगळीत शिशाची धूळ राहतेच. आणि ह्या पुंगळ्या आमचे साहेब कशात साफ करत होते? कोरड्या भुश्याच्या टम्बलरमध्ये, झाकण अर्धं उघडं, शेजारी वॉशिंग मशीन, आणि दीड वर्षाची मुलगी त्याच फरशीवर रांगतेय. लहान मुलांसाठी इथल्या सीडीसीने २०२१मध्ये रक्तातल्या शिशाची लक्ष देण्याजोगी पातळी ५वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. सुरक्षित अशी पातळी मुळात सापडलेलीच नाही.

ज्याने धुरासाठी तीन प्रकारच्या गोळ्या आणि दोन डबे दारू विकत घेतली, त्याला ओल्या पद्धतीचा टम्बलर घ्यायला दोन महिने लागले. तेवढे दिवस मी दर शनिवारी कॉफी पिताना हेच एक वाक्य ऐकवायचो. आता पुंगळ्या पाण्यात, स्टीलच्या बारीक काड्यांसोबत घुसळल्या जातात, त्यामुळे धूळ उडत नाही. गॅरेज झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात. रेंजवरचे बूट आणि शर्ट घरात येत नाहीत. मुलीच्या रक्ताची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे.