नुसती प्लेट बदला!

मराठी भाषेतून एखादे वाक्य कायमचे तडीपार करण्याचा अधिकार मला कुणी दिला, तर ‘तेवढ्यानं भागतंय की!’ हे वाक्य मी आधी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडीन. आता तुम्ही विचाराल, एवढा राग कशापायी? सांगतो.

१९८४ सालची गोष्ट. हिच्या धाकट्या भावाचा सांगलीत एक ट्रक होता. टाटा-मर्सिडीज. टाटांचा जर्मनांशी असलेला करार १९६९ साली संपला, हा ट्रक त्याच्याही आधीचा. जर्मन गेले, ट्रक राहिला. सांगलीची हळद मुंबईला नेता नेता तो एकदा साताऱ्यात येऊन बसला. इंजिन बोंबलत होते, पण चाके मनावर घेत नव्हती. थेट सरकारी कचेरीसारखे. मेहुण्याचा ट्रंक कॉल आला, “दाजी, तेवढा क्लच बघून घ्या.”

मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. क्लचचे लिंगवचन सांगू शकलो असतो, पण तो ‘बघून’ काय घ्यायचा? तरी गेलो. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचे लायनिंग झिजून रिव्हेट वर आले होते. मिस्त्री म्हणाला, “मास्तर, प्रेशर प्लेट बी दमलीया. बेअरिंग गुरगुरतंय. फ्लायव्हील तापून निळं डाग पडल्यात, लेथवर घ्यायला पायजे. मागला आईल सील गळतोय. दोन दिस लागतील.”

मी आकडा विचारला. आकडा ऐकला. आणि ते वाक्य बोललो. होय, मीच! “नुसती प्लेट बदला हो. तेवढ्यानं भागतंय की!”

वर घरी येऊन हिला सांगितले, “लुटत होता लेकाचा. मी ऐकतोय होय?” आपण मध्यमवर्गीय माणसे डॉक्टरने पाच तपासण्या लिहून दिल्या तर हात जोडतो आणि मिस्त्रीने पाच वस्तू सांगितल्या तर त्याला चोर ठरवतो. याचे कारण एवढेच, की डॉक्टरचे कपडे पांढरे असतात.

पुण्याला काम होते, म्हणून त्याच ट्रकमधून फुकट निघालो. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, सगळी वाहतूक घाटातूनच. अर्ध्या चढावर जळका वास आला. गळक्या सीलचे तेल नव्या प्लेटवर आले होते. इंजिन गर्जत होते, ट्रक थांबला आणि मग हळूच मागे सरकू लागला. मिसरूडही न फुटलेला क्लीनर ठोकळा घेऊन उडी मारून धावला आणि त्याने तो मागच्या चाकाखाली सारला. त्याचा हात आणि चाक यांत चार बोटांचे अंतर उरले. पोरगा हसला. मला आजही त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

पोती दुसऱ्या ट्रकात चढवली आणि आमचे धूड टोचन लावून सांगलीला नेले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी सील बदलला. फ्लायव्हीलला लेथवर फेस मारून आणला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट नवा. लायनिंगला ग्रीसचा हात लागू दिला नाही. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आत घालून प्लेट मधोमध धरली आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार प्लेटवर लोंबकळू दिला नाही. शेवटी पेडलला थोडी ढील ठेवली. म्हणाला, “पाय उचलला की बेअरिंगनं बी सुट्टी घ्याया पायजे. न्हाईतर ते दाबूनच ऱ्हातंय, मग क्लच सुटतोय.”

“पण एवढं सगळं एकदम?” मी विचारलेच.

“मास्तर, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदा द्यायची का दोनदा, तेवढं ठरवा.”

आता कुणी म्हणेल, आपला देश गरीब, परवडायला नको का? अहो, गरिबालाच तर एक काम दोनदा करणे परवडत नाही! आणि जुगाडाचे पोवाडे गाणाऱ्यांनी एवढे आठवावे, की आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानच्या उजाड माळावर उभी राहिली, ती लोखंडी नांगरासाठी. साताऱ्यात कूपरच्या कारखान्यात डिझेल इंजिने झाली. ‘लाकडी नांगरावर भागतंय की’ म्हणून ही मंडळी बसली असती, तर आपण आजही बैलाच्या शेपटीला धरून क्लच शोधत असतो.

‘भागतंय’ म्हणणाऱ्याचे भागते, हे खरे. पण हिशेब चुकता करतो तो ठोकळा घेऊन धावणारा पोरगा. माझी काटकसर होती, हात त्याचा होता.

मेहुण्याने दोन्ही बिले मुकाट्याने भरली, मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त तेव्हापासून त्याचा फोन आला, की शेवटचे वाक्य ठरलेले असते, “आणि दाजी, तुम्ही काही बघून घेऊ नका.”